गोल भरला म्हणजे उत्तर नोंदलं असं नाही

ऑनलाइन परीक्षेत मुलं हमखास फसतात ती इथेच. पर्यायासमोरचा गोल भरला, की बाजूच्या चौकटीतून थेट पुढच्या प्रश्नाच्या आकड्यावर क्लिक करतात. बऱ्याच परीक्षांत ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबल्याशिवाय उत्तर नोंदलंच जात नाही. येत असलेलं उत्तर असं हातचं गेलं की फार जीवाला लागतं. म्हणून दर १० प्रश्नांनंतर त्या चौकटीवर नजर टाका: सोडवलेल्या प्रश्नाच्या आकड्याचा रंग बदललाय ना? (कोणत्या रंगाचा काय अर्थ, ते सुरुवातीच्या सूचनांत दिलेलं असतं.) मध्येच नेट गेलं तर पर्यवेक्षकांना लगेच सांगा, सेव्ह केलेली उत्तरं पुन्हा लॉगिन केल्यावर बहुधा तशीच मिळतात. वेळ संपली की पेपर आपोआप जमा होतो, तेव्हा शेवटची ५ मिनिटं या तपासणीसाठीच राखून ठेवा.