बीबीसी मायक्रोची वरची ओळ टीव्हीबाहेर जात होती

१९८४ च्या सुमारास 'क्लास' या शालेय संगणक-शिक्षण प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले. तसलाच एक जुना मायक्रो मला भंगाराच्या भावात मिळाला. घरच्या टीव्हीला जोडला, तर मोड ० मध्ये (मोड म्हणजे पडद्यावर चित्र दाखवायची ठरावीक पद्धत) पहिली ओळ अर्धी कापलेली आणि अक्षरं थरथरणारी. मी आधी टीव्हीलाच शिव्या घातल्या. मागचा स्क्रू पिळून पाहिला, तर चित्र जास्तच वेडंवाकडं झालं. तो पुन्हा जागेवर आणण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

इलाज कीबोर्डवरच होता. '*टीव्ही २५५,१' असं (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाइप करून एंटर मारलं. काहीच हललं नाही! कारण हा बदल पुढच्या मोड बदलापासून लागू होतो. 'मोड ०' पुन्हा दिल्यावर चित्र एक ओळ खाली सरकलं. २५५ म्हणजे इथे उणे एक. १ दिलं असतं तर उलट वर गेलं असतं. स्वल्पविरामानंतरचा १ इंटरलेस (चित्राच्या ओळी एकाआड एक अशा दोन फेऱ्यांत रंगवणं) बंद करतो, त्यामुळे थरथरही थांबली. मोड ७ मध्ये मात्र तो बंद होत नाही.

डावी कड अजून किंचित कापली जात होती. त्यासाठी टीव्हीवरच्या चित्राची वेळ आणि जागा ठरवणाऱ्या ६८४५ चिपचं रजिस्टर २ (तिच्यातला सेटिंगचा एक आकडा) बदललं: 'व्हीडीयू २३,०,२,९६,०,०,०,०,०,०'. मूळ आकडा ९८. कमी केला की चित्र उजवीकडे सरकतं. मोड बदलला की हे पुसलं जातं, म्हणून ही ओळ प्रोग्रॅममध्ये मोडच्या लगेच खाली ठेवली आहे.