कावीळ उतरली म्हणून विषय संपत नाही, लिव्हरसाठी या तपासण्या करून घ्या

आपल्याकडं सातारा-सांगलीला कावीळ झाली की गावठी औषध, तेल-तिखट बंद, आणि डोळे पांढरे झाले की कावीळ उतरली म्हणून माणूस परत कामाला, पण कावीळ कशानं झाली ते कुणी शोधतच नाही. विषाणूनं होणाऱ्या कावीळीचे, म्हणजे हिपॅटायटिसचे, ए, बी, सी, ई असे प्रकार आहेत. खराब पाण्यातनं येणारी ए आणि ई बहुतेकदा आपोआप बरी होते, लिव्हरमध्ये मुरत नाही, फक्त गरोदर बाईला ई झाली तर एक दिवसही घरी थांबू नका. खरी काळजी बी आणि सी ची. या रक्तातनं येतात आणि कधीकधी कावीळ न दाखवताच वर्षानुवर्षं लिव्हर खातात, मग एक दिवस पोटात पाणी होतं आणि दारूला कधी शिवला नाही त्याला सिरॉसिस (लिव्हर आकसून कडक होणं) कसा म्हणून घरातले चक्रावतात.

तर आधी एचबीएसएजी (बी साठी) आणि अँटी-एचसीव्ही (सी च्या अँटिबॉडीसाठी) या रक्ताच्या दोन टेस्ट करा, उपाशी जायची गरज नाही. पूर्वी रक्त चढलंय, जत्रेत गोंदून घेतलंय, डायलिसिस चालू आहे, किंवा घरात कुणाला बी आहे, अशांनी तर कराच. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

सी ची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, आरएनए टेस्ट करा, विषाणू खरंच आहे का ते त्यात कळतं. असेल तर साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले 95 जण बरे होतात. बी सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहिली तर ती मुरलेली समजायची, प्रत्येकाला गोळी लागत नाही पण तपासणी लागतेच, आणि चालू गोळी बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं कधीच बंद करायची नाही. आणि कृपा करून त्या माणसाचं ताट वेगळं काढू नका हो, बी एका ताटात जेवल्यानं पसरत नाही, वेगळं ठेवायचं ते ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर. बाकी घरच्यांची टेस्ट करून लस द्या. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत बी ची लस मिळाली का ते बाळंतपणाच्या दवाखान्यातच विचारा, कारण जन्मावेळी लागण झालेल्या शंभर बाळांतल्या नव्वदांत ती कायमची राहते. सी ला लस नाही.

आता माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या मेंढरंवाल्यांसाठी. बकरं कापल्यावर काळजात (लिव्हरमध्ये) किंवा फुफ्फुसात पाण्यानं भरलेले पांढरे फोड दिसले की ते कुत्र्याला टाकतात, तेच थांबवा. त्यातनं कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी होतो, त्याची अंडी विष्ठेतनं बाहेर पडतात आणि हातातनं, पालेभाजीतनं आपल्या पोटात जाऊन लिव्हरमध्ये हायडॅटिडची गाठ वाढते, कितीतरी वर्षं कळत पण नाही. असलं काळीज जाळा नाहीतर कुत्रं उकरणार नाही इतकं खोल पुरा, जनावरांच्या डॉक्टरला विचारून कुत्र्याला जंताचं औषध द्या, पोरांना कुत्र्याशी खेळल्यावर साबणानं हात धुवायला लावा. सोनोग्राफीत पाण्याची गाठ निघाली तर मेंढरं-कुत्री आहेत हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण ती गाठ तयारीशिवाय सुई घालून फोडली तर जिवावर बेतू शकतं.