डॅव्हनपोर्टची पेटी वर येत नाही? आधी हात आवरा

डॅव्हनपोर्ट म्हणजे उतरत्या झाकणाचं, लिहायचं छोटं मेज. व्हिक्टोरियन काळातल्या काही इंग्लिश डॅव्हनपोर्ट मेजांत एक गंमत असते. लपवलेली कळ दाबली की कागद-पाकिटांच्या कप्प्यांची पेटी मेजाच्या पोटातून आपसूक वर येते. अशा मेजाला हार्लेक्विन म्हणतात. ती पेटी अडकली की बहुतेक जण फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालतात, आणि पाचशे रुपयांचं दुखणं पन्नास हजारांचं होतं.

पेटी चालते कशावर, ते आधी समजून घ्या. काही मेजांत दोन्ही बाजूंना दोरीला शिशाची वजनं टांगलेली असतात, काहींत स्प्रिंग असते. वजनं खाली उतरतात, पेटी वर चढते. एका बाजूची दोरी तुटली की पेटी तिरकी होऊन खोबणीत रुतते. तेव्हा ओढलंत तर कडेचं व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, सोलून निघतं. म्हणून टॉर्च मारून बघा: एक कोपरा वर, दुसरा खाली दिसला तर दोरीचंच काम आहे. बदलायची तर दोन्ही दोऱ्या बदला, अगदी सारख्या लांबीच्या. पेटी सरळ आहे पण हलत नाही, तर खटका तपासा. आणि खालीच बसत नसेल, तर तळाशी हमखास एखादं पेन पडलेलं असतं.

तेल मात्र सोडू नका. लाकूड ते पितं, धूळ धरतं आणि खोबणीत चिखल होतो. कोरडं मेण घासा, मेणबत्तीचा तुकडाही चालतो.

बाजूचे खण एकाच बाजूला खरे असतात, दुसऱ्या बाजूला नुसत्या मुठी! त्या ओढून उपटलेलं मेज मी पाहिलंय.

गुंडाळत सरकणाऱ्या झाकणाच्या पट्ट्या कापडावर चिकटवलेल्या असतात. तिथे फेव्हिकॉल नको, सरेस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा जुना डिंक) हवा. तो उद्या कोमट पाण्याने सोडवता येतो.

आता कारागिराचं नाव. इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या गिलोज या फर्निचर कारखान्याच्या १७९० च्या दशकातल्या वहीत ‘कॅप्टन डॅव्हनपोर्ट, एक डेस्क’ अशी नोंद आहे. नाव तिथूनच पडलं असं मानतात. म्हणून प्रत्येक डॅव्हनपोर्ट गिलोजचं होत नाही. त्यांचा शिक्का बहुधा खणाच्या पुढच्या फळीच्या वरच्या कडेवर असतो, तेव्हा ती कड पॉलिश पेपरने घासू नका. ‘शेरेटनचं मेज’ म्हणून कुणी विकत असेल तर हसून पुढे जा. थॉमस शेरेटन हा अठराव्या शतकातला इंग्लिश फर्निचर-रचनाकार नमुन्यांच्या पुस्तकासाठी ओळखला जातो. खात्रीने त्याच्या हातची म्हणावी अशी वस्तू जवळजवळ नाहीच.

कुलूप ब्रामाचं असेल तर ड्रिल बाजूला ठेवा. जोसेफ ब्रामाने त्याचं पेटंट १७८४ साली घेतलं. ‘उघडून दाखवा’ असं आव्हान देऊन दुकानात ठेवलेलं त्याचं कुलूप १८५१ साली हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने उघडलं, तेही पन्नासेक तास खपून. या कुलपाची किल्ली नळीसारखी असते. ती आधी आत दाबायची, मगच फिरवायची.