भाद्रपदातील ट्राउट: काश्मीरच्या ओढ्यांवर फ्लाय फिशिंग कसे करावे

ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हा काश्मीरच्या डोंगरी ओढ्यांवर ब्राऊन ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या मागे लागण्याचा सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारा काळ आहे. फ्लाय म्हणजे पिसे, केस व दोरा गुंडाळून किड्यासारखा बनवलेला गळ; तो फेकून मासा पकडणे म्हणजे फ्लाय फिशिंग. मे-जूनमध्ये वितळत्या बर्फाने ओढे दुथडी भरून वाहतात, पाणी गढूळ व वेगवान असते आणि माणसाच्या लहानसहान चुका त्यात खपून जातात. उन्हाळा सरत आला की पाणी उतरते, निवळते आणि तळाचा गोटान् गोटा दिसू लागतो. मात्र आपल्याला तळ जितका स्पष्ट दिसतो, तितकेच माशालाही आपण स्पष्ट दिसतो. म्हणून या दिवसांत फेकीच्या कौशल्यापेक्षा कुठे उभे राहावे, किती वाकावे आणि केव्हा गळ टाकूच नये, हे कळणे अधिक मोलाचे ठरते.

ब्राऊन ट्राउट हा मूळचा इथला मासा नव्हे. स्कॉटलंडहून आणलेली त्याची अंडी १९०० च्या सुमारास श्रीनगरजवळच्या हारवन येथे उबवली गेली आणि तिथून तो खोऱ्यातील थंड प्रवाहांत पसरला. सह्याद्रीतील ओढ्यांचे पाणी त्याला मानवणारे नाही, त्यामुळे महाराष्ट्रातील हौशी माणसाला त्यासाठी हिमालय गाठावा लागतो. फेकण्याचा सराव मात्र घराजवळच्या मैदानावर, गळाऐवजी दोरीच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधून, उत्तम होतो; तो निघण्यापूर्वीच करावा, कारण ओढ्यावरचा वेळ फेक शिकण्यात घालवणे परवडत नाही.

ओढा निवडताना पाणी कुठून येते, हे आधी पाहावे. लिद्दर आणि सिंध या झेलमच्या उपनद्यांना हिमनद्यांचे व वरच्या बर्फाचे पाणी मिळते. पहलगामला मिळणाऱ्या दोन प्रवाहांपैकी पश्चिमेचा कोलाहोई हिमनदीकडून येतो आणि पूर्वेचा शेषनागकडून. उन्हाळ्याच्या अखेरीसही अशा प्रवाहांत दुपारनंतर वितळलेले पाणी उतरते, त्याबरोबर दगडाची बारीक भुकटी येते आणि सकाळी निळसर असलेले पाणी राखाडी होते. तिथे सूर्योदयापासून दुपारपर्यंतचा वेळ धरावा. याउलट कोकरनाग परिसरातील झऱ्यांवर पोसलेले पाणी दिवसभर नितळ राहते; तिथे पहाट, संध्याकाळ आणि वाऱ्याची दुपार या तिन्ही वेळा उपयोगी पडतात, पण मासाही दिवसभर सावध असतो. हिवाळ्यात बर्फ कमी पडले असेल, तर झऱ्यांवर विसंबलेले ओढे लवकर रोडावतात. २०२५ च्या फेब्रुवारीत अचबलचा प्रसिद्ध झरा आटला होता, हे ध्यानात ठेवून अशा वर्षी ओढ्याची ताजी स्थिती विचारूनच बेत आखावा.

पहलगामच्या बाजूला जायचे असल्यास अमरनाथ यात्रा संपल्यावर जावे. यात्रेची सांगता साधारणतः श्रावण पौर्णिमेला होते आणि त्यानंतर रस्ते व काठ दोन्ही मोकळे होतात. मासेमारीचा परवाना मत्स्यविभागाकडून ओढ्याच्या ठरावीक टप्प्यासाठी मिळतो, ज्याला तिथे बीट म्हणतात. हंगामाची अखेरची तारीख, किती मासे ठेवता येतात, कोणत्या लांबीखालचा मासा सोडून द्यावा लागतो आणि कोणती खोरी पर्यटकांसाठी खुली आहेत, या चारही गोष्टी परवाना घेतानाच विचारून घ्याव्यात, कारण त्या बदलत असतात.

साहित्य हलके असावे. साडेसात ते साडेआठ फुटांचा, तीन किंवा चार वजनाच्या (हा दोरीच्या वजनाचा क्रमांक, किलो नव्हे) दोरीचा रॉड आणि पाण्यावर तरंगणारी दोरी एवढ्यावर लहान ओढ्याचे काम भागते. लिद्दरच्या मुख्य प्रवाहावर नऊ फुटांचा, पाच वजनाचा रॉड बरा. खरा फरक पडतो तो लीडरमुळे, म्हणजे दोरी आणि फ्लाय यांच्यामधल्या निमुळत्या, पारदर्शक धाग्यामुळे. वसंतात साडेसात फुटांचा लीडर चालतो, पण नितळ पाण्यात तो दहा ते बारा फुटांचा घ्यावा आणि त्याचे टोक ५ एक्स, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचे ठेवावे. शांत डोहात ६ एक्सपर्यंत उतरावे, त्याहून बारीक नको. फार बारीक धाग्याने मासा ओढून घ्यायला वेळ लागतो आणि तेवढा तो थकतो. दोरीचा रंग झगमगीत नसावा, कपडे मातकट किंवा गवती रंगाचे असावेत आणि पोलराइज्ड चष्मा विसरू नये. पाण्यावरची चकाकी गेल्याशिवाय मासा दिसत नाही आणि या मोसमात आधी मासा पाहून मगच फेक करायची असते.

फ्लायच्या डब्यात या दिवसांत जमिनीवरच्या किड्यांना पहिली जागा द्यावी. पाण्यातून बाहेर पडणाऱ्या मेफ्लाय आणि कॅडिस या किड्यांचा मोठा बहर ओसरलेला असतो; काठचे गवत मात्र उंच व पिवळे झालेले असते आणि ऊन तापून वारा सुटला की त्यातले नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे पाण्यात पडतात. दहा ते चौदा आकाराचे नाकतोडे, सोळा-अठराच्या काळ्या मुंग्या व भुंगेरे, चौदा-सोळाच्या एल्क हेअर कॅडिस व ॲडम्स या तरंगणाऱ्या फ्लाय आणि बुडणाऱ्यांत सोळा-अठराचे फेझंट टेल निम्फ (पाण्याखालच्या अपक्व किड्याची नक्कल), एवढा संग्रह पुरेसा आहे. आकाराचा आकडा जितका मोठा, तितका गळ लहान, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे. प्रत्येक गळाची आकडी, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, घरीच पकडीने दाबून सपाट करावी. डबा पालथा घालून दर दहा मिनिटांनी फ्लाय बदलत राहण्याची सवय अनेकांना असते, ती मला निरुपयोगी वाटते. भाद्रपदातला ट्राउट फ्लाय नाकारतो तो बहुतेक वेळा तिच्या चालीमुळे, रंगामुळे नव्हे.

एक साधा तापमापक खिशात असावा आणि पहिल्या फेकीपूर्वी तो पाण्यात धरावा. ब्राऊन ट्राउट साधारण बारा ते सतरा अंश सेल्सिअसच्या पाण्यात उत्तम खातो. पाणी जसजसे तापते, तसतसा त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो: समुद्रसपाटीच्या हिशेबाने दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, तर वीस अंशांच्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि उंचावर हे प्रमाण आणखी घटते. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. अशा पाण्यात झगडून थकलेला मासा सोडल्यावर पोहत गेला, तरी तासाभराने मरू शकतो. म्हणून पारा एकोणीसवर पोहोचला की गळ गुंडाळावा. हिमनदीच्या पाण्यावर ही वेळ क्वचित येते, पण खालच्या बाजूच्या उथळ टप्प्यांत ऊन तापलेल्या दुपारी येते आणि तिथे थांबणे हा माझ्या दृष्टीने परवान्यातील अटींइतकाच बंधनकारक नियम आहे.

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे माशाजवळ जाणे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून नेहमी खालून वर, त्याच्या पाठीमागून जावे. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे बाहेरचे सगळे जग माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. त्या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो आणि तिचा व्यास मासा जितका खोल असेल त्याच्या सव्वादोन पटींइतका भरतो. तीस सेंटिमीटरवर असलेल्या माशाची खिडकी पाऊण मीटरहूनही लहान असते. फ्लाय तिच्यात नेमकी आली तरच ती त्याला नीट दिसते. खिडकीच्या कडेला, क्षितिजापासून सुमारे दहा अंशांच्या आतले सर्व काही चेपटून अस्पष्ट होते आणि आपण लपायचे ते याच पट्ट्यात. दहा मीटर अंतरावर पाण्यापासून पावणेदोन मीटर उंचीपर्यंतची वस्तू या पट्ट्यात बसते, म्हणजे ओढ्यात उतरलेला मध्यम उंचीचा माणूस तिथे उभा राहू शकतो. सहा मीटरवर मात्र ही मर्यादा जेमतेम एक मीटर उरते, म्हणजे तिथे गुडघे टेकलेच पाहिजेत. उंच काठावरून खाली डोकावणारा माणूस बराच दूर नसेल, तर या हिशेबात हरतो. सूर्य पाठीशी असेल, तर आपली व रॉडची सावली पाण्यावर कुठे पडते आहे, ते पाहूनच पुढचे पाऊल टाकावे. पाण्यात शिरावे लागले तर एक पाय पक्का रोवून मगच दुसरा उचलावा. गोट्यावर गोटा घासल्याचा आवाज पाण्यातून दूरवर जातो आणि उथळ डोहात आपल्या चालण्याने उठलेली एक लाट साऱ्या माशांना तळाशी पांगवते.

मासा कुठे असेल, हे एका खडकावरून समजून घेऊ. प्रवाहाच्या मधोमध बैलगाडीएवढा खडक आहे असे धरा. नवखा माणूस थेट खडकामागच्या शांत पाण्यात फ्लाय टाकतो, पण तिथे पाणी गोल फिरते आणि अन्न फारसे येत नाही. खडकाच्या पुढे पाणी आदळून मागे दबते, तिथे एक संथ उशी तयार होते आणि बहुधा सर्वांत मोठा मासा तिथेच असतो. दोन्ही बाजूंना वेगवान आणि संथ पाण्याच्या सांध्यावर फेसाची एक बारीक रेघ वाहते. तरंगणारे किडे त्याच रेघेवरून येतात, म्हणून मधल्या आकाराचे मासे तिथे रांगेत असतात. खाली जिथे दोन्ही रेघा एकत्र येऊन पाणी उथळ होते, तिथे सकाळी आणि संध्याकाळी मासे पुढे सरकून खातात. फेकीचा क्रम म्हणूनच खालून वर असावा: आधी शेपटाकडचे उथळ पाणी, मग जवळची रेघ, मग दूरची आणि शेवटी खडकापुढची उशी. हा क्रम उलटा केला, तर बिचकलेला पहिलाच मासा खाली पळत बाकीच्यांना सावध करतो. भर उन्हात खळाळत्या, फेसाळ पाण्याकडे वळावे. तिथे ऑक्सिजन अधिक असतो आणि फुटलेल्या पृष्ठभागाखाली माशाला आडोसाही मिळतो. झाडाची सावली पडलेले, काठाने आतून कोरलेले पाणीही सोडू नये.

फेक आखूड ठेवावी. सहा ते नऊ मीटरवरून बहुतेक ओढ्यांचे काम होते. हवेत दोरी पुन्हा पुन्हा मागे-पुढे झुलवू नये. एकदा मागे, एकदा पुढे आणि खाली, एवढेच करावे, तेही शक्यतो रॉड आडवा धरून. दोरी माशाच्या डोक्यावर कधीच पडू नये, फक्त लीडरचा शेवटचा भाग त्याच्या पुढे मीटरभर पडावा. नाकतोडा जरा टपकन पडला तरी चालतो, उलट त्या आवाजाने मासा वळतो. मुंगी मात्र अलगद उतरावी. त्यानंतर फ्लाय पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. मधला वेगवान पट्टा दोरीला ओढू लागला की फ्लायमागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ उठते आणि ती दिसताच मासा तोंड फिरवतो. ते टाळण्यासाठी फेक पडताक्षणी रॉडचे टोक उचलून मधली दोरी प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवावी, किंवा रॉड उंच धरून दोरी पाण्याला लागूच देऊ नये. लहान ओढ्यावर हा दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. दुपारी पाण्यावर हालचाल नसेल, तर नाकतोड्याच्या गळाच्या वळणाला अर्धा मीटर ५ एक्स धागा बांधून त्याखाली फेझंट टेल लावावी. नाकतोडा थबकला किंवा बुडाला की खालची फ्लाय घेतली गेली असे समजावे. एकाच माशावर तीन-चार फेकी चुकल्या तर त्याला दहा मिनिटे विसावा द्यावा.

ब्राऊन ट्राउट नाकतोडा घाईने घेत नाही. तोंड उघडून, फ्लाय घेऊन तो खाली वळेपर्यंत हात आवरावा आणि मग रॉड फक्त उचलावा, हिसका देऊ नये. खालची निम्फ घेतली असेल तर मात्र क्षणाचाही विलंब नको. मासा लागल्यावर रॉड आकाशाकडे न धरता आडवा वाकवून बाजूने दाब द्यावा, त्याने मासा लवकर वळतो. शक्य तितक्या लवकर त्याला रबरी जाळीच्या झेल्यात घ्यावे, आधी हात ओले करावेत आणि झेला पाण्यातच ठेवून गळ काढावा. छायाचित्र घ्यायचे असल्यास आपण एक श्वास रोखून धरू तेवढ्याच वेळापुरते त्याला बाहेर काढावे. सोडताना त्याचे तोंड संथ प्रवाहाकडे करावे आणि तो स्वतः हातातून निसटेपर्यंत धरून ठेवावे.

वरच्या खोऱ्यात ढगफुटी झाली, तर तुमच्या डोक्यावर निळे आकाश असतानाही पाणी चढू शकते. नितळ ओढा एकाएकी मातकट झाला, त्यात पाने व काटक्या वाहू लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर साहित्य न आवरता उंच काठावर चढावे. ओढ्याच्या मधल्या बेटावर दोन तास रमून बसणे या मोसमात धोक्याचे आहे.

सप्टेंबर संपत आला की काठाच्या उथळ, बारीक खडीत लक्ष ठेवावे. ब्राऊन ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतो आणि मादी शेपटीने खडी उकरून घरटे करते. भोवतालच्या शेवाळलेल्या तळापेक्षा उजळ, स्वच्छ असा तो पट्टा ओळखू येतो. त्यावर पाय देऊ नये आणि त्यावर जोडीने फिरणाऱ्या माशांना गळ दाखवू नये. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाण्यापूर्वी बुटांचे तळवे, झेला आणि दोरी घासून धुवावीत व कडकडीत वाळवावीत. नमद्याच्या तळव्यांचे बूट दिवसचे दिवस ओल धरून ठेवतात आणि त्यातून शेवाळ व रोग एका पाण्यातून दुसऱ्यात जातात; न्यूझीलंडने २००८ मध्ये असे तळवे याच कारणासाठी बंद केले. रबरी तळव्यांचे बूट घसरतात, ही तक्रार खरी आहे, पण त्यांना लोखंडी खिळे लावून घेतले आणि हातात काठी ठेवली की काश्मीरच्या गुळगुळीत गोट्यांवर त्यांचा चांगला निभाव लागतो.