२० बाय ५० चा प्लॉट: कागदावर रेघ मारण्याआधी रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उघडा

दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती, पुढे रस्ता, मागे दुसऱ्याचा प्लॉट. अशा अरुंद जागेवर घर बांधायचं तर खोल्या कशा बसवायच्या, यावरच सगळं घर महिनाभर बोलत बसतं. खोल्या बसतात. बसत नाही ते सांडपाणी. मागच्या वेळी आमच्या हातून नेमकं हेच राहिलं, आणि घातलेली फरशी उखडावी लागली. म्हणून ही यादी ड्रेनेजपासून सुरू होते आणि पुन्हा पुन्हा ड्रेनेजवरच येते. कंटाळा आला तरी वाचा.

कागदपत्रं थोडक्यात: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, एनए (बिगरशेती) किंवा गुंठेवारीचा आदेश, सरकारी मोजणीचा नकाशा. मोजणी नकाशावर ठेवू नका, जागेवर खुणा रोवून घ्या. २० फुटांचा प्लॉट मागच्या टोकाला साडेएकोणीस भरला तर सहा इंच कुठून आणणार? चारही बाजू आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. पुढे-मागे किती जागा सोडायची ते रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या वर्गावर ठरतं, तेव्हा राज्याच्या बांधकाम नियमांप्रमाणे, म्हणजे एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे, तुमच्या प्लॉटला काय लागू आहे ते आर्किटेक्टकडून लिहून घ्या. शेजाऱ्याने किती सोडली हे बघून ठरवू नका. पुढच्या हिशोबापुरतं पुढे १० फूट आणि मागे ५ फूट सोडले असं धरू, म्हणजे घर २० बाय ३५.

आता चेंबर. रस्त्यावरच्या ज्या चेंबरला तुमची लाइन जोडायची आहे त्याचं झाकण प्लंबरकडून उघडून घ्या. आत वाकू नका, उतरणं तर नाहीच, आतल्या वायूने माणसं मरतात. वरून काठी किंवा सळई सोडा आणि रस्त्याच्या पातळीपासून पाणी किती खाली वाहतंय ते मोजा. सकाळी सात-आठच्या सुमारास मोजा, कारण सगळ्या आळीचं पाणी तेव्हा येतं. दुपारी मोजाल तर पातळी खोटी मिळेल. मग लेव्हलच्या नळीने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, रस्त्याची ती पातळी प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर आणा आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर लाल रंगाने खूण करा. पुढचं सगळं घर या खुणेवरून ठरणार आहे.

हिशोब असा. ४ इंची पाइपला ६० ला १ उतार लागतो, म्हणजे १० फुटांना २ इंच. मोरी आणि संडास मागच्या टोकाला असले तर रस्त्याच्या चेंबरपर्यंत साधारण ५० फूट, म्हणजे १० इंच. मागच्या अंगणाची फरशी घरातल्या फरशीपेक्षा ६ इंच खाली. तिथला पहिला चेंबर दीड फूट खोल, म्हणजे १८ इंच. रस्त्याच्या चेंबरमध्ये तुमचा पाइप वाहत्या पाण्याच्या निदान २ इंच वर पडायला हवा. एकूण ३६ इंच. घरातली फरशी त्या पाण्याच्या पातळीपेक्षा निदान ३ फूट वर हवी. पाणी रस्त्याखाली २ फुटांवर असेल तर जोतं, म्हणजे घराच्या फरशीची उंची, रस्त्यापासून १ फूट चालेल. पाणी फक्त १ फुटावर असेल तर जोतं २ फूट. शिवाय रस्ता आहे तसा राहणार नाही, दर वेळी नवा थर पडतो, त्यासाठी आणखी ९ इंच धरा. ही उंची आर्किटेक्टला सांगा, आरसीसी डिझाइन करणाऱ्याला सांगा, गवंड्यालाही सांगा. शेजारच्या घराएवढं जोतं घेऊ, हे वाक्य कुणी उच्चारलं की तिथेच थांबवा.

उतार पुरत नाही म्हणून १० फुटांना १ इंचावर भागवू, असं प्लंबर सांगेल. ऐकू नका. पाणी पुढे जातं, मैला मागे राहतो आणि लाइन सारखी तुंबते. चेंबर उथळ करून पाइप फरशीलगत आणणं हाही उपाय नव्हे, वरून गाडी गेली की तो पाइप तडकेल.

उतार वाचवायचा खरा मार्ग नकाशात आहे. पाणी लागणारी प्रत्येक जागा, म्हणजे संडास, बाथरूम, स्वयंपाकघरातलं सिंक, घराच्या मधोमध एका डक्टभोवती, म्हणजे खालपासून वरपर्यंत उघड्या ठेवलेल्या चौकोनी पोकळीभोवती, गोळा करा. मधल्या डक्टपासून रस्त्याचा चेंबर ३० फूट, म्हणजे उतार ६ इंच. चार इंच तिथेच वाचले, आणि मागच्या २० फुटांत घराखालून मैल्याचा पाइपच नाही. वरच्या मजल्याचं बाथरूम खालच्या बाथरूमच्या बरोब्बर वर घ्या. वर बेडरूम मोठी होते म्हणून ते सरकवलं की हॉलच्या छताखालून पाइप येतो, मग तो झाकायला पीओपी, आणि पीओपीवर पिवळे डाग. काहींना वास्तूप्रमाणे मोरी ठरावीक कोपऱ्यातच हवी असते. घ्या, पण आधी त्या कोपऱ्यापासून रस्त्याच्या चेंबरपर्यंतचा उतार मोजून, मगच.

या डक्टचा दुसरा उपयोग उजेडाचा. दोन्ही बाजू बंद असलेल्या ३५ फूट लांब घरात उजेड पुढून आणि मागून येणार, मधले दहा-बारा फूट दिवसाही दिवा लावून बसावं लागेल. डक्ट निदान ४ बाय ५ फूट ठेवा, वरपर्यंत उघडा. वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकायचा तर कठड्यापासून फूटभर उचलून टाका, म्हणजे हवा खेळती राहते. तळमजल्यावर डक्टमध्ये शिरायला अडीच फुटांचं दार ठेवा. खिडकीतून उतरून चेंबर साफ करायला कोणी येत नाही. आणि डक्टच्या तळाला ढाळ व जाळी द्या, पावसाची तिरकी झड आत येतेच. हे पाणी मैल्याच्या लाइनला जोडू नका. गच्चीचं आणि मागच्या अंगणाचंही नाही. पावसाच्या पाण्याचा पाइप वेगळा, तोही घराखालून पुढे न्यायचा असतो, त्याचाही उतार आत्ताच काढा. जोडलात तर जुलैत रस्त्याचा चेंबर भरला की सगळं मिळून तुमच्या संडासातून वर येईल. बाहेरच्या शेवटच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा, आणि तो हाताला लागेल असा ठेवा.

आता खोल्यांची मापं. नकाशा एका रेघेत काढू नका, भिंतींची जाडी धरा. ९ इंची वीट अधिक दोन्हीकडचा गिलावा मिळून १० इंच, आतली ४ इंची भिंत ५ इंच. २० फुटांतून दोन बाहेरच्या भिंती गेल्या की आत १८ फूट ४ इंच उरतात. ३५ फुटांतून पुढची, मागची आणि मधल्या दोन आडव्या भिंती गेल्या की ३२ फूट ६ इंच. म्हणजे हॉल साडेबारा, मधला पट्टा दहा, स्वयंपाकघर दहा. शेजाऱ्याच्या भिंतीला आपला स्लॅब टेकवू नका, आपली भिंत आपली. हद्दीवरच्या कॉलमचं फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, शेजाऱ्याच्या हद्दीत जाता कामा नये, म्हणून ते एका बाजूला झुकलेलं किंवा आतल्या कॉलमशी जोडलेलं डिझाइन करावं लागतं. हे काम इंजिनिअरचं, सेंटरिंगवाल्याचं नव्हे. काळी माती असेल तर ती पूर्ण काढून कठीण मुरमापर्यंत जायचं, मधे थांबायचं नाही.

जिना मधल्या पट्ट्यात. मजल्याची उंची १० फूट धरली तर ७ इंचांच्या जवळपास उंचीच्या १७ पायऱ्या चढायच्या, पाय ठेवायला १० इंच. दोन टप्प्यांचा जिना, ३ फुटी टप्पे आणि मधे ६ इंच फट, असं केलं तर रुंदी साडेसहा फूट, आणि आठ पावलं अधिक ३ फुटांचा मधला चौक धरून लांबी ९ फूट ८ इंच. मधल्या पट्ट्याच्या दहा फुटांत तो बरोबर मावतो. उरलेल्या अकराएक फुटांत साडेतीन फुटांची वाट, शेजारी ४ बाय ७ चं संडास-बाथरूम आणि त्याला लागून डक्ट. सिंकचा ओटा डक्टच्या बाजूच्या भिंतीला. घराची रचना मुळात एवढीच, बाकी आवडीनिवडी. जिन्याची पायरी ८ इंचांची करून लांबी वाचवू नका, घरात आजी-आजोबा आहेत.

जिन्याखाली संडास काढू, हा मोह सगळ्यांना होतो. नवव्या पायरीवरच्या चौकाची उंची सव्वापाच फूट, त्यातून स्लॅबची जाडी वजा करा, खाली पावणेपाच फूट. उभं राहता येत नाही. मग म्हणतात फरशी दोन फूट खाली घेऊ. घ्या, आणि मग सांगा मैला कोणत्या उताराने रस्त्याकडे चढणार! वरचा ३६ इंचांचा हिशोब पुन्हा वाचा. जिन्याखाली इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, गहू-तांदळाची कोठी.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ती जागा म्हणजे प्लिंथ बीम, जोत्याच्या उंचीवर भिंतींखालून जाणारा काँक्रीटचा बीम. संडासाचा पाइप डक्टमधल्या चेंबरकडे निघाला की नेमका या बीमवर आपटतो. बीम भरून झाल्यावर प्लंबर येतो, छिन्नी-हातोड्याने सात-आठ इंचांचं भगदाड पाडतो, एखादी सळई कापतो आणि वर सिमेंट लिंपून जातो. असं होऊ द्यायचं नसेल तर बीमचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागलं की काँक्रीटच्या आदल्या दिवशी प्लंबरला जागेवर बोलवा. जिथून पाइप जाणार तिथे ६ इंची पाइपचा तुकडा बीममधून आरपार बांधून ठेवा. बीमच्या मधल्या उंचीला, कॉलमला चिकटून नाही, आणि जागा इंजिनिअरला दाखवून. असे तुकडे किती लागतील? संडासाचा एक, बाथरूम व सिंकच्या पाण्याचा एक, पावसाच्या पाण्याचे दोन, नळाच्या पाण्याचा एक, विजेच्या केबलचा एक. सहा. काँक्रीट ओतताना तोंडं पोत्याने बंद करा. ओतून झाल्यावर सहा मोजा.

पुढच्या १० फुटांत पाण्याची जमिनीखालची टाकी एका टोकाला आणि ड्रेनेजची लाइन दुसऱ्या टोकाला. एकाच बाजूला घेऊ नका, चेंबर झिरपला तर पिण्याच्या पाण्यात उतरतो. टाकीचं तोंड फरशीपासून सहा इंच वर. गाडी उभी राहणार तिथल्या चेंबरला जड वाहनाचं झाकण. जोतं दोन फूट झालं तर पायऱ्या चार, त्या या १० फुटांतूनच जातात, म्हणून मोठी गाडी आत उभी राहील असं गृहीत धरू नका, गाडीची लांबी टेपने मोजा.

बेडरूम दहा फुटांपेक्षा कमी नको: ६ फुटी पलंग, २ फूट कपाट, २ फूट वाट. ओट्याची उंची स्वयंपाक करणारीच्या कोपराप्रमाणे. फ्रीजचं दार कुठे उघडतं ते बघा. गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, ती कॉलमवर. पाणी तापवायचा सोलर लावायचा तर थंड पाण्याची टाकी त्याहून उंच. विजेचे पॉइंट, खिडक्या, रंग यावर सांगणारे घरात पुष्कळ आहेत.

भराव घालण्याआधी शेवटचं काम. सगळ्यात मागच्या चेंबरपासून रस्त्यापर्यंत पाइप उघडा असताना बादलीभर पाण्यात थोडी नीळ कालवून ओता आणि पुढच्या चेंबरपाशी माणूस उभा करा. निळं पाणी सलग आलं पाहिजे, आणि दहा मिनिटांनी मधल्या कुठल्याही चेंबरमध्ये निळं डबकं दिसता कामा नये. दिसलं तर त्या ठिकाणी पाइप खाली खचलाय, तेवढा भाग काढून पुन्हा घाला. प्रत्येक चेंबरपाशी पट्टी धरून फोटो काढा, घरमालक म्हणून स्वतः काढा, आणि मगच मुरूम टाकायला सांगा.