इंग्रजी प्रिपोझिशनचा सराव करताना या चुका टाळा

लातूरमध्ये अकरावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवताना माझ्या लाल पेनाची निम्मी शाई प्रिपोझिशनवरच खर्च होते, आणि त्यातल्या पाच-सहा चुका तर वही न उघडताही सांगता येतील इतक्या ठरलेल्या आहेत. त्यांचे मूळ इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक आहे. आपला एकच प्रत्यय किंवा एकच शब्दयोगी अव्यय इंग्रजीतल्या दोन-तीन शब्दांची कामे बिनबोभाट करून टाकते, आणि या वाक्यात ते नेमके कोणते काम करते आहे हे पाहण्याआधीच मुले हाताला लागेल तो इंग्रजी शब्द उचलतात.

सर्वांत महागात पडते ते 'पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत काम करून देतो' आणि 'शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे' या दोन्ही वाक्यांत आपण 'पर्यंत' म्हणतो आणि ऐकणाऱ्याचा काहीही गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला 'बाय' लागतो आणि दुसऱ्याला 'टिल' किंवा 'अनटिल'. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला आणि पहिल्याच महिन्यात त्याने परदेशातल्या ग्राहकाला मेल लिहिला, 'आय विल वर्क ऑन धिस टिल फ्रायडे.' शुक्रवारच्या आत काम हातावेगळे करतो, असे त्याला म्हणायचे होते. ग्राहकाने त्याचा अर्थ असा घेतला की हा मुलगा शुक्रवारपर्यंतच या कामावर आहे, आणि त्याने उलट विचारले, 'मग शुक्रवारनंतर हे काम कोण पाहणार?' आपली नोकरी गेली या समजुतीने मुलाने रात्री साडेदहाला मला फोन केला. "सर, इंग्रजी तर बरोबर लिहिलंय की हो मी!" त्याचेही खोटे नव्हते. व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य निर्दोष होते, आणि या चुकीची खोड हीच आहे की लाल रेघ मारायला जागा सापडत नाही आणि अर्थ मात्र फिरलेला असतो.

माझी स्वतःची सवय अशी की 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून पाहायचे. 'शुक्रवारच्या आत काम करून देतो' हे जमते, म्हणून तिथे 'बाय'. 'शुक्रवारच्या आत सुट्टीवर आहे' हे ऐकायलाच विचित्र वाटते, म्हणून तिथे 'टिल'. 'परभणीपर्यंत रेल्वेने गेलो' हे अंतराचे 'पर्यंत' असल्यामुळे त्याला 'ॲज फार ॲज' लावावे.

'पासून'चा घोळही याच जातीचा आहे. ऐन तरुणपणी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुलाखतीत मी स्वतः 'आय ॲम टीचिंग सिन्स टू इयर्स' असे छातीठोकपणे सांगितले होते. समोरच्या वयस्कर गृहस्थांनी शांतपणे 'सिन्स व्हेन?' असे विचारले, आणि त्यांना नीट ऐकू आले नसावे असे समजून मी तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटले. 'सिन्स'नंतर काळ जिथे सुरू झाला तो क्षण, वार किंवा साल यावे लागते. मोजलेल्या काळासाठी 'फॉर' असतो, आणि क्रियापदही 'हॅव बीन टीचिंग' असे बदलावे लागते. मराठीत 'दोन वर्षे झाली' असे म्हणता येत असेल तर 'फॉर' वापरावा, 'दोन हजार बावीसपासून' असे म्हणावे लागत असेल तर 'सिन्स'. 'शाळा 15 जूनपासून सुरू होईल' यातले 'पासून' पुढच्या काळातले आहे. तिथे 'सिन्स' चालतच नाही, 'फ्रॉम' लागतो.

मोबाइलवर हल्ली एक त्रिकोण फिरतो, ज्यात मोठ्या काळाला 'इन', मधल्याला 'ऑन' आणि लहान काळाला 'ॲट' दाखवलेला असतो. पंधरा सेकंदांत व्याकरण उरकू पाहणाऱ्यांना तो फार आवडतो. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून 1948 साली मुक्त झाला, तेव्हा 'इन 1948'. तारीख 17 सप्टेंबर, तेव्हा 'ऑन 17 सप्टेंबर'. इथपर्यंत त्रिकोण साथ देतो. पण दरवर्षी त्या दिवशी सकाळी होणाऱ्या ध्वजवंदनाविषयी लिहिताना 'इन द मॉर्निंग' बदलून 'ऑन द मॉर्निंग ऑफ 17 सप्टेंबर' होते, आणि 'रात्री'ला तर 'ॲट नाइट' म्हणतात. रात्र लहान असते का, या प्रश्नाचे उत्तर त्रिकोणाकडे नाही.

'ने'चे तीन धंदे आहेत. 'सुरीने कापले' याला 'विथ अ नाइफ', 'बसने आलो' याला 'बाय बस', पण 'माझ्या गाडीने आलो' म्हटले की 'इन माय कार'. 'पायी' म्हणजे 'ऑन फुट'.

'ला' दिसला की 'टू' टाकण्याची घाई करू नये. 'टेल टू मी', 'आस्क टू हिम', 'रीच टू नांदेड' ही तिन्ही चूक आहेत, कारण या क्रियापदांना मध्ये काहीच लागत नाही. गंमत अशी की ज्या 'एक्स्प्लेन'ला 'टू' खरोखर हवा असतो तिथे मुले 'एक्स्प्लेन मी' लिहून मोकळी होतात.

'डिस्कस अबाउट' लिहू नये. 'मॅरीड विथ' लिहू नये, 'मॅरीड टू' लिहावे. 'माझ्यावर रागावला' याचे 'अँग्री ऑन मी' होत नाही, 'अँग्री विथ मी' होते. 'सीनियर दॅन' वर्षानुवर्षे खोडतो आहे. 'सीनियर टू' लिहावे.

'नांदेड मराठवाड्याच्या पूर्वेला आहे' आणि 'तेलंगणा मराठवाड्याच्या पूर्वेला आहे' यांतला फरक आपल्याला नकाशा माहीत असल्यामुळे कळतो, शब्दांमुळे नाही. इंग्रजीत नांदेड 'इन द ईस्ट ऑफ मराठवाडा' आहे आणि तेलंगणा 'टू द ईस्ट ऑफ मराठवाडा'. 'पूर्वेला'च्या जागी 'पूर्व भागात' बसले तर 'इन' घ्यावा.

"सर, एकच ट्रिक सांगा ना" असे म्हणणाऱ्यांना मी शंभर पानी वही आणायला सांगतो. तिच्यात 'इन', 'ऑन', 'ॲट' अशी पाने पाडू देत नाही. एक पान 'पर्यंत'चे, एक 'पासून'चे, दोन 'ला'ची, दोन 'ने'ची, आणि प्रत्येक पानावर स्वतः चुकलेले वाक्य वर व दुरुस्त केलेले त्याखाली. रविवारी इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद प्रिपोझिशनच्या जागा रिकाम्या सोडून उतरवायचा, आणि त्या जागा मंगळवारी, मूळ परिच्छेद विसरल्यावर, पेन्सिलीने भरायच्या. सोमवारीच भरून आणणारे दोन-तीन जण दर वर्षी असतातच. त्यांची वही मी न तपासता परत देतो.