संशोधनातली खासगी भागीदारी आणि संसदेची देखरेख: हिशेब वाचताना या चुका टाळा

देशातल्या संशोधनाला निधी पुरवणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा 50,000 कोटींचा आकडा इतका गाजला, की संसदेने तेवढी रक्कम मंजूर केली असं पुष्कळांना वाटतं. मूळ गणित असं होतं: 2023 ते 2028 या पाच वर्षांत सरकारचे 14,000 कोटी, आणि 36,000 कोटी उद्योग, देणगीदार वगैरे बाहेरच्या स्रोतांतून. लोकसभेचं मतदान होतं ते एकत्रित निधीतून (केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीतून) जाणाऱ्या पैशावर, आणि तेही एका वर्षापुरतं. त्यामुळे घोषणेचा आकडा बाजूला ठेवा आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनुदान मागणीतली (खर्चासाठी लोकसभेपुढे ठेवलेल्या मागणीतली) ओळ शोधा. तिथे चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पी अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. नव्या योजनांची तरतूद सुधारित अंदाजात कापली जाणं नेहमीचंच आहे. फक्त शेवटचा रकाना पाहणाऱ्याच्या ते लक्षातच येत नाही.

संशोधन, विकास व नवोपक्रम निधीबाबत आणखी एक गोंधळ होतो. जुलै 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ही योजना एक लाख कोटींची आहे, आणि 2025-26 च्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी 20,000 कोटी होते. हे अनुदान नाही. प्रतिष्ठानातल्या विशेष निधीला पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज मिळतं, तिथून पैसा दुसऱ्या पातळीवरच्या निधी व्यवस्थापकांकडे जातो, आणि ते कंपन्यांना कर्ज देतात किंवा भागभांडवल घेतात. इथे ‘किती खर्च झाले?’ हा प्रश्न अपुरा आहे. व्यवस्थापकांकडे किती गेले, कंपन्यांपर्यंत किती पोचले आणि परतफेड किती आली, हे तीन आकडे वेगवेगळे मागा.

‘कॅग तपासतंच की’

कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, सगळंच तपासतात असं धरून चालणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कॅगचा अधिकार संस्थेच्या रचनेवर ठरतो. प्रतिष्ठानाच्या कायद्यातच कॅगचं लेखापरीक्षण लिहिलेलं आहे. बायरॅक ही जैवतंत्रज्ञानातल्या उद्योगांना मदत करणारी सरकारी मालकीची कंपनी असल्याने कंपनी कायद्याच्या कलम 143 मुळे कॅगच्या कक्षेत येते. पण सायबर-फिजिकल प्रणाली (संगणक आणि प्रत्यक्ष यंत्रणा जोडणारं तंत्रज्ञान) अभियानातली 25 तंत्रज्ञान केंद्रं पाहा. 3,660 कोटींच्या या अभियानात प्रत्येक केंद्र यजमान संस्थेत कलम 8 कंपनी (कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी) म्हणून उभं राहिलं. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतलं क्वांटम केंद्र त्यातलंच. अशा कंपनीत सरकारचं भागभांडवल 51 टक्के नसेल, तर 1971 च्या कॅग कायद्याचं कलम 14 पाहावं लागतं. त्यात अट अशी: वर्षभरातलं अनुदान किंवा कर्ज किमान 25 लाख हवं आणि संस्थेच्या एकूण खर्चाच्या किमान 75 टक्के हवं.

समजा खर्च 12 कोटी आणि अनुदान 9 कोटी. बरोबर 75 टक्के भरतात. पुढे उद्योगांचा पैसा आला, खर्च 16 कोटींवर गेला आणि अनुदान तेवढंच राहिलं, तर प्रमाण 56 टक्क्यांवर येतं. म्हणजे भागीदारी यशस्वी होते तसतसा हा दरवाजा बंद होत जातो! तरी घाई करू नका. अट एकदा पूर्ण झाल्यावर पुढची दोन वर्षं लेखापरीक्षण सुरू राहतं. अनुदान वर्षाला एक कोटीहून कमी नसेल तर राष्ट्रपतींच्या पूर्वमंजुरीने कॅग तपासू शकतं. आणि अनुदान विशिष्ट कामासाठी असेल तर अटी पाळल्याची खात्री मंत्रालयाने कशी केली, हे कलम 15 खाली तपासता येतं.

उपयोगिता प्रमाणपत्राला, म्हणजे अनुदान ठरल्या कामासाठी वापरल्याच्या संस्थेच्या दाखल्याला, कामाचा पुरावा समजू नका. अनुदान संस्थेच्या खात्यात गेलं की सरकारी पुस्तकात तो खर्च झाला. प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 12-अ, त्यानंतर वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत यायचं असतं. त्यात शिल्लक आणि व्याज दोन्ही वाचा. व्याज एकत्रित निधीत परत जायला हवं. भागीदार कंपनीचा वाटा वस्तुरूपात असेल (यंत्रं, अभियंत्यांचे तास, जागा), तर मूल्यांकन कोणी केलं आणि कोणत्या तारखेच्या दराने, हे विचारल्याशिवाय तो आकडा बेरजेत धरू नका.

दार चुकलं की उत्तर येत नाही

अनुदान मागण्यांची छाननी विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, वने व हवामान बदल स्थायी समिती करते. रोजचा कारभार तिच्या कक्षेबाहेर आहे. कॅग अहवालातले आक्षेप लोकलेखा समितीकडे जातात, बायरॅकसारख्या कंपनीचे सार्वजनिक उपक्रम समितीकडे. संस्थांचे वार्षिक अहवाल आणि लेखे वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत, सभागृहाच्या पटलावर यायला हवेत. उशीर झाल्यास पटलावरील कागदपत्रांच्या समितीला कळवा.

खासदारांना प्रश्न सुचवताना ‘भागीदारीची प्रगती काय?’ असं मोघम लिहू नका. असं लिहा: ‘गेल्या तीन वर्षांत प्रत्येक केंद्राला मिळालेलं अनुदान, भागीदारांनी रोख व वस्तुरूपात दिलेला वाटा, 31 मार्चची शिल्लक आणि प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रं यांचा वर्षनिहाय तपशील द्यावा.’ लेखी उत्तरासाठी अतारांकित प्रश्न पुरतो. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. ते आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्याचा पाठपुरावा शासकीय आश्वासन समिती करते. उत्तराची तारीख आणि प्रश्न क्रमांक मात्र लगेच टिपून ठेवा.